बाजाराचे गाव आणि त्याचा कारभार

महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्यात तालुक्याच्या ठिकाणाखेरीज काही गावे अशी असतात, की आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे त्यांच्याकडे बाजाराचे गाव म्हणून पाहतात. लोकसंख्या पाच-दहा हजारांच्या घरात. आठवडे बाजार, जिल्हा परिषदेची शाळा, एखादे हायस्कूल, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा, विविध कार्यकारी सेवा सोसायटी, दूध संकलन केंद्र, खते-औषधांची दुकाने आणि एसटीचा थांबा एवढे सगळे तिथे सापडते. दुकानदार, शिक्षक, गॅरेजवाले, वेल्डिंगवाले यांची घरे वाढत असली, तरी पाऊस लांबला की साऱ्या गावाची उलाढाल मंदावते, कारण शेवटी पैसा शिवारातूनच येतो. अशा गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. बहुसंख्य ग्रामीण माणसांना सरकार भेटते ते याच कार्यालयात. जन्माची नोंद, रहिवासी दाखला, घराचा उतारा, नळाची जोडणी, रस्त्यावरचा दिवा आणि मृत्यूचा दाखलाही तिथेच मिळतो.

गाव कागदोपत्री दोन भागांत वाटलेले असते. घरे, देवळे, गल्ल्या आणि पार ज्या जागेवर आहेत ते गावठाण. त्याभोवतीची पिकाऊ, पडीक आणि गायरानाची जमीन म्हणजे शिवार. शिवाराचा हिशेब महसूल खात्याकडे असतो. सातबारा, आठ-अ, फेरफार या नोंदी तलाठी ठेवतो आणि त्याच्या वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशी उतरंड असते. गावठाणातल्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये होते. ती ग्रामसेवक ठेवतो आणि त्याचे वरिष्ठ म्हणजे पंचायत समितीचे गटविकास अधिकारी व जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. २०२४ मध्ये शासनाने तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे पदनाम दिले. गावात मात्र जुनीच नावे तोंडी आहेत. या दोन खात्यांमधला फरक न कळल्याने माणसांचे हेलपाटे होतात. बांधाचा किंवा शेतरस्त्याचा वाद सरपंचाकडे नेला, तर तो समजूत घालण्यापलीकडे काही करू शकत नाही. रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदाराचा आहे, आणि त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही वापरला जातो. उलट तुंबलेल्या गटाराची तक्रार तलाठ्याकडे करून काही होत नाही.

नमुना ८ विषयी आणखी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. हा उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. म्हणूनच गावठाणातल्या घरावर कर्ज द्यायला बँका कचरत आल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा नकाशाच नसल्यामुळे भावकीतले निम्मे तंटे भिंतीच्या आणि बोळाच्या जागेवरून होतात. यावर उपाय म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर करून हीच पद्धत देशभर नेली. मोजणी झालेल्या गावांत घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत.

आजची पंचायत समजून घ्यायची तर तिच्या आधीची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे वतनदार आणि सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग, चांभार, न्हावी, परीट, गुरव असे बलुतेदार यांच्या आधारावर गावाचा गाडा चाले. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. या व्यवस्थेत कामे वाटलेली होती, पण हक्क जन्मावर ठरलेले होते. पाणवठ्यावर कोणी यायचे, चावडीत कोणी कुठे बसायचे, मेलेले जनावर कोणी ओढायचे हे सारे जातीने ठरे. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये गेले, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५९ मध्ये खालसा झाली आणि वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६३ पासून संपली. पोलीस पाटील हे आजचे पद १९६७ च्या कायद्याने निर्माण झालेले, नेमणुकीचे आणि मानधनाचे आहे.

गावाच्या हाती सत्ता द्यावी की नाही, यावर स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही कडाक्याचा वाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर कठोर टीका केली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेतही गावाच्या गौरवगानाला विरोध केला. त्यांच्या विरोधामागे प्रत्यक्ष अनुभव होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. स्थानिक संस्थेच्या बहुमताला न्यायाची हमी मानता येत नाही, हे महाडने दाखवून दिले. आजच्या पंचायत कायद्यातल्या राखीव जागा, वरच्या अधिकाऱ्यांकडे अपील करण्याची सोय, हिशेबाची सक्तीची तपासणी या तरतुदी त्या दृष्टीने वाचायला हव्यात.

संविधानाच्या ४० व्या कलमाने ग्रामपंचायती स्थापन करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. मुंबई राज्याचा ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. वेळोवेळच्या दुरुस्त्यांसह महाराष्ट्रात आजही तोच लागू आहे. बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनंतर राज्याने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. नाईक समितीने जिल्हा परिषदेला बळ दिले. या निर्णयाने ग्रामीण नेतृत्वाच्या दोन पिढ्या घडवल्या. ग्रामपंचायत मात्र बराच काळ धाकट्या भावंडासारखी मागे राहिली. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, तेव्हा पाच वर्षांनी निवडणूक घेणे बंधनकारक झाले, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला आणि ११ व्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय नोंदले गेले. विषय सोपवता येतात. सोपवलेच पाहिजेत असे नाही. त्यामुळे यादी मोठी आणि अधिकार तोकडे, ही तक्रार तीस वर्षांनंतरही खरी आहे.

लोकसंख्येनुसार ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. गाव प्रभागांत विभागले जाते. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल उभी राहतात आणि प्रत्येक पॅनलच्या मागे कोणता आमदार किंवा कोणता साखर कारखाना आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. मतदान ऐंशी टक्क्यांच्या वर जाणे हे इथे नवल नाही. मुंबई-पुण्याला कामाला असलेल्या मतदारांसाठी गाड्या केल्या जातात. चुरस इतकी, की एका मताने पडलेल्या उमेदवाराची गोष्ट प्रत्येक पंचक्रोशीत ऐकायला मिळते. खर्च वाचावा आणि वैर टळावे म्हणून निवडणूक बिनविरोध करण्याची प्रथाही जुनी आहे. समजुतीने नावे ठरली तर ती चांगलीच. पण काही ठिकाणी या प्रथेला पैशाची कीड लागली. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी येथे पदांसाठी बोली लावल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. तो निर्णय योग्य होता. अशा बोलीतून देवळाच्या बांधकामासाठी पैसा जमत असला, तरी त्या सौद्यात ज्याच्याजवळ पैसा नाही त्याचा उमेदवारीचा हक्क विकला जातो.

सरपंच कोणी निवडायचा, यावर राज्याने अलीकडे तीनदा मत बदलले. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ मध्ये थेट मतदारांतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीमुळे सदस्य फोडून सरपंच पाडण्याचे खेळ कमी झाले, हे खरे. पण एका पॅनलचा सरपंच आणि दुसऱ्या पॅनलचे बहुमत असे झाले, की मासिक सभेत साधी गटारदुरुस्तीही अडते.

महिलांच्या जागांनी गावच्या राजकारणाचा चेहरा सर्वांत जास्त बदलला. आरक्षण येण्याआधीच, १९८९ मध्ये, शेतकरी संघटनेच्या चळवळीतून जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा येथे पूर्णपणे महिलांच्या पंचायती निवडून आल्या होत्या. ७३ व्या दुरुस्तीने एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखल्या. ‘सरपंचपती’ हा प्रकार अजून आहे. बाई खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याच्या हाती, असे चित्र अनेक कार्यालयांत दिसते. तरीही पहिल्या वर्षी सही करण्यापुरती आलेली बाई तिसऱ्या वर्षी पाणीयोजनेच्या ठेकेदाराला मोजमाप पुस्तिका दाखवायला सांगते, असे बदलही घडले आहेत. बचत गटांत खाते सांभाळण्याची सवय लागलेल्या बायका पंचायतीत आल्या, तिथे हा बदल लवकर होतो.

सदस्य मंडळाच्या वर कायद्याने एक सभा ठेवली आहे, ती ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे आणि त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे सक्तीचे आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. अर्थसंकल्प, जमाखर्च, लेखापरीक्षणातले आक्षेप, विकास आराखडा आणि घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी हे सारे तिच्यापुढे ठेवायचे असते. पुरेशा कारणाविना ग्रामसभा घेतली नाही, तर सरपंचाचे पद जाऊ शकते.

व्यवहारात काय होते? ठरलेल्या वेळी पंधरा-वीस माणसे जमतात, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब केली जाते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग तीच पंधरा-वीस माणसे साऱ्या गावाच्या नावाने ठराव करतात आणि प्रोसिडिंग बुकात सह्या नंतर गोळा होतात. गावात घरकुलाची यादी चुकीची झाली, मर्जीतल्या ठेकेदाराला काम गेले, अशी कुरबूर वर्षभर पारावर चालते. त्या यादीला मंजुरी मिळाली त्या दिवशी कुरबूर करणारा बहुधा सभेत नसतो. ग्रामपंचायतीच्या कारभाराचे सर्वांत मोठे दुखणे हेच आहे आणि त्याचे औषध मंत्रालयात नाही.

सभा भरते आणि बोलते, तेव्हा काय घडू शकते हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने दाखवले. मे २०२२ मध्ये या गावाने पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. शतकभर समाजसुधारकांनी जे सांगितले, ते एका शेतकरी गावाने साध्या ठरावाने अधिकृत केले. मात्र ठराव ही सुरुवात असते. तेराव्याच्या आधी नात्यातल्या म्हाताऱ्यांची समजूत घालणे हे काम उरतेच.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेची ताकद जंगलाच्या बाबतीत सिद्ध केली. तिथे निर्णय बहुमताने न करता सर्वांच्या सहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची छाननी होते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा कायद्याने मिळणारे अधिकार हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

पैशाकडे वळले की पंचायतीचे खरे बळ कळते. उत्पन्नाच्या दोन वाटा आहेत. एक गावातून येणारी: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, आठवडे बाजाराची वसुली, पंचायतीच्या गाळ्यांचे भाडे. दुसरी वरून येणारी: वित्त आयोगाचा निधी, मुद्रांक शुल्कातला वाटा, जमीन महसुलाचे अनुदान, आमदार-खासदारांच्या निधीतली कामे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्यात या निधीतले ८० टक्के थेट ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असे वाटप ठरले. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण आराखड्यात बसवून आणि पोर्टलवर चढवून. स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे.

वरून आलेल्या पैशाला अटी असतात आणि तो येण्याची वेळ गावाच्या हाती नसते. शिपायाचा पगार, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती, जळालेले दिवे, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त ही रोजची कामे घरपट्टीवर चालतात. आणि घरपट्टीच बुडवली जाते. वसुलीचा तगादा लावला की मते जातात या भीतीने निवडणुकीच्या आदल्या वर्षी सरपंच गप्प बसतो. चार वर्षांनी व्हायची कर आकारणीची फेरतपासणी पुढे ढकलली जाते, आणि सिमेंटचा दुमजली बंगला नोंदवहीत जुन्या पत्र्याच्या घराच्या दराने राहतो. मार्च महिन्यात वसुली पथक फिरते, नळ तोडण्याच्या नोटिसा निघतात, काही जण दाखला हवा म्हणून नाइलाजाने भरतात. एखाद्या गावाचा कारभार कसा आहे हे पाहायचे असेल, तर कमानी आणि सभागृहे मोजण्याऐवजी घरपट्टीच्या वसुलीचा आकडा विचारावा. स्वतःचा कर भरणारी माणसे हिशेब मागतात. फुकटातले सिमेंट काँक्रीट कसेही झाले तरी कोणाला फारसे टोचत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबांना दळण मोफत करून देण्याची सोय केली. कर भरणे आणि सोय मिळणे यांचा संबंध डोळ्यांना दिसावा, ही त्यामागची समज नेमकी आहे.

पाणी हा गावाच्या कारभारातला सर्वांत नाजूक विषय. तलावाखालची किंवा नदीकाठची उद्भव विहीर, तिथून जलवाहिनी, उंचावरची टाकी, प्रभागवार व्हॉल्व्ह आणि ते उघडणारा पाणीपुरवठा कर्मचारी. या एका माणसाला गावातली प्रत्येक बाई ओळखते. शेवटच्या गल्लीत पाणी का येत नाही, याचे उत्तर अनेकदा मधल्या घरांनी नळाला थेट लावलेल्या मोटारीत असते. टाकीत टीसीएल पावडर टाकली का, गळती कुठे आहे, मोटारीचे वीजबिल भरले का हे प्रश्न रोजचे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. योजना बांधून दिली तरी ती चालवायची पंचायतीनेच, आणि थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेली की नवी टाकीही कोरडी राहते. उन्हाळ्यात विहीर आटली, तर पंचायत टँकरचा प्रस्ताव पाठवते, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात आणि मग खेपा सुरू होतात. तोवर बायकापोरांचे हंडे शिवारातल्या एखाद्या बोअरवर रांगेत असतात.

नळाचे पाणी अखेर शिवारातल्या पाण्यावरच ठरते, हे ओळखून वागलेले गाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या अवर्षणग्रस्त गावाने डोंगरावर समतल चर खणले, झाडे लावली, बांधबंदिस्ती केली. कामे पुष्कळ गावांनी केली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यानंतरच्या शिस्तीत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, मग कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. आपल्या विहिरीतले पाणी हे साऱ्या गावाचे पाणी आहे, हे मान्य करायला शेतकऱ्याला जड जाते. ते त्या गावाने मान्य केले. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पण लागोपाठ इतकी वर्षे हे नियम पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा वाटा त्याहून कमी नाही.

ग्रामपंचायतीच्या जोडीने गावात दुसरे एक सत्ताकेंद्र असते, सोसायटी. विविध कार्यकारी सेवा सोसायटी जिल्हा बँकेकडून पीककर्ज घेऊन सभासदांना देते. ३१ मार्चच्या आत कर्ज भरून लगेच नवे उचलायचे, याला शेतकरी ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. त्या काही दिवसांसाठी पैसा उभा करताना सोनाराकडे दागिने जातात किंवा आडत्याकडून उचल घेतली जाते. वेळेत फेडल्यास तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शासन व्याज पडू देत नाही, म्हणून ही धडपड. सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य हे दोघेही कृषी उत्पन्न बाजार समितीचे मतदार असतात. समितीच्या १८ संचालकांपैकी ११ सोसायटी मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायत मतदारसंघातून, २ व्यापाऱ्यांतून आणि १ हमाल-मापाडी यांच्यातून येतो. एका छोट्या प्रभागातल्या निवडणुकीत तालुक्याचे पुढारी एवढे लक्ष का घालतात, याचे उत्तर इथे मिळते. गावात जिंकलेली प्रत्येक जागा पुढच्या शिडीची पायरी असते. कांद्याचा किंवा सोयाबीनचा लिलाव नीट होतो का, वजनात मार बसतो का, पट्टी वेळेवर मिळते का, हे शेवटी याच साखळीने निवडून दिलेल्या माणसांवर ठरते.

आठवडे बाजाराचा दिवस गावाचे खरे रूप दाखवतो. बाजारकर गोळा करण्याचा ठेका पंचायत लिलावाने देते. पहाटेपासून टेम्पो लागतात. भाजीवाल्या, कापडवाले, मसालेवाले, जोडे शिवणारे आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. शेजारच्या खेड्यातला माणूस त्याच फेरीत बँकेचे काम उरकतो, तलाठ्याला गाठतो, मुलीच्या सासरची खुशाली कळवणाऱ्या कोणाला तरी भेटतो. बाजार उठल्यावरचा कचरा मात्र पंचायतीच्या माथी येतो. स्वच्छतेच्या बाबतीत संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे ऋण मानायला हवे. २०००-०१ मध्ये ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ते सुरू केले, आणि गावांनी बक्षिसासाठी का होईना, पण हाती झाडू घेऊन गल्ल्या लोटल्या.

पंचायतीच्या नोंदीत नसलेलाही एक कारभार गावात चालतो. ग्रामदैवताची यात्रा बहुधा चैत्र-वैशाखात, रानातली कामे उरकल्यावर येते. यात्रा कमिटी घरटी वर्गणी ठरवते, छबिना, कुस्त्यांचा फड, तमाशाची सुपारी, पाण्याची सोय अशी कामे वाटते आणि दुसऱ्या दिवशी जमाखर्च वाचून दाखवते. अखंड हरिनाम सप्ताहात काकड्यापासून कीर्तनापर्यंत सात दिवस रोजचे अन्नदान कोणाचे, पंगतीला वाढायला कोणती आळी, हे ठरलेले असते आणि सहसा चुकत नाही. घरपट्टी थकवणारा माणूस सप्ताहाची वर्गणी न मागता देतो, ही गोष्ट पंचायतीने मनावर घेण्यासारखी आहे. तिथे हिशेब सर्वांसमोर होतो आणि पैशाचे काय झाले ते दिसते. या सामुदायिक जीवनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मानपानाचे क्रम, स्मशानभूमीच्या वेगळ्या जागा, मिरवणुकीचा रस्ता यांवरून जातीचे जुने ताण अजून उफाळतात, आणि तेव्हा कमिटी, पंचायत, पोलीस पाटील यांची कसोटी लागते. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातल्या गावात वाद मिटवण्याला मान्यता दिली. भाऊबंदकीच्या किरकोळ खटल्यांत तिचा उपयोग झाला. अत्याचाराचे गुन्हे दाबण्यासाठी तिचा आधार कोणी घेता कामा नये.

गावकऱ्यांनी मिळून ठरवलेली साधी गोष्टही टिकते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये दिसले. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात आणि मुले अभ्यासाला बसतात. यासाठी कोणता निधी लागला नाही. कोविडकाळात मुलांना मोबाइलची सवय लागली, हे पालकांना दिसत होते; सर्वांनी एकाच वेळी बंद केल्याशिवाय एका घराला ते जमणार नव्हते.

बाजाराचे गाव वाढत जाते तसा एक मोठा प्रश्न समोर येतो: ग्रामपंचायतच राहायचे की नगरपंचायत व्हायचे? ज्या तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायती होत्या, त्या सर्वांच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय राज्याने २०१४ मध्ये घेतला. नगरपंचायतीत १७ नगरसेवक आणि शासनाचा मुख्याधिकारी असतो. रस्ते, बांधकाम परवानगी, नगररचना यांसाठी जादा निधी आणि तज्ज्ञ कर्मचारी मिळतात. पण कर वाढतात, ग्रामीण योजना बंद होतात, कडेच्या वस्त्यांवरचे शेतकरी कागदावर शहरी ठरतात, आणि मुख्य म्हणजे ग्रामसभा संपते. शेतीवर जगणाऱ्या गावाने हा बदल मागताना मिळणाऱ्या निधीबरोबर हातची सभा जाते, हेही तोलून पाहावे.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याआधी कोणीही मतदार लेखी अर्ज देऊन आपला विषय सभेपुढे ठेवायला सांगू शकतो. जमाखर्च, विकास आराखडा, घरकुलाची यादी आणि मागच्या सभेचे प्रोसिडिंग पाहण्याचा त्याला हक्क आहे. ग्रामपंचायतीने निधी कुठे खर्च केला हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही पाहता येते. गावाकडे ज्यांचे मत आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेला जावे, घरपट्टीची पावती बरोबर न्यावी आणि आपल्या गल्लीच्या कामाचा हिशेब विचारावा.